लेट्यूस पिवळं पडतंय? खताआधी मुळं बघा

एलईडीखाली पाण्यात लावलेलं लेट्यूस एप्रिलमध्ये पिवळं पडून मान टाकायला लागलं, की हात लगेच खताच्या बाटलीकडे जातो. माझाही गेला होता, अख्खा लॉट फेकावा लागला.

आधी रोप उचलून मुळं बघा. पांढरी असतील तर ठीक. तपकिरी, बुळबुळीत, वास येतोय? मग मुळं कुजतायत. आपल्या कुळगाव-बदलापूरच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी सहज 30 अंशांवर जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, मुळं गुदमरतात. पाणी 18 ते 24 अंशांत ठेवा. बर्फ झालेल्या बंद बाटल्या सोडा, टाकी झाकून उजेड अडवा, फिश टँकचा हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवा. इन्व्हर्टरवर पंप आधी, दिवे नंतर.

मुळं चांगली असतील तर पीएच मोजा, 5.5 ते 6.5 हवा. ईसी 0.8 ते 1.2 पुरे. परदेशी व्हिडिओतले आकडे उचलू नका. त्यातले बरेच गांजाचे असतात, त्याला खत जास्त लागतं. (आपल्याकडे विनापरवाना गांजा लावणं 1985 च्या एनडीपीएस कायद्याने गुन्हा आहे, तो विचारही नको.)

मुळं कुजलेली रोपं काढून टाका, टाकी धुवा आणि पाणी आजच बदला.