बघायची राहून गेलेली विक्रांत

मराठवाड्यातला माणूस मुंबईला गेला की समुद्र बघायला गेटवेवर जातोच. पेडगावसारख्या गावातून मुंबईची गाडी धरायची तर आधी परभणी गाठायचं, रात्री देवगिरीत बसायचं आणि सकाळी सीएसएमटीला उतरायचं. मग गेटवे, ताजमहाल हॉटेल, घारापुरीची लाँच हा क्रम ठरलेला. या वाटेवर शहीद भगतसिंग मार्गाने चालत गेलं, तर नौदल गोदीचं लायन गेट लागतं. आत जायला परवानगी नाही, पण समोरच्या चौकात धातूचं एक शिल्प उभं आहे. बस आणि टॅक्स्या त्याला वळसा घालून जातात आणि बहुतेकांचं तिकडे लक्षही जात नाही. हे विक्रांतचं स्मारक. भारताच्या पहिल्या विमानवाहू नौकेचा जो सांगाडा भंगारात गेला, त्यातल्याच पोलादातून शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी ते घडवलं. २५ जानेवारी २०१६ रोजी त्याचं अनावरण झालं.

पुढच्या खेपेला तिथे पाच मिनिटं थांबा, एवढ्यासाठी हा लेख. समोर काय आहे ते समजायचं, तर काय गेलं ते आधी माहीत हवं.

विक्रांतची लांबी सुमारे २१३ मीटर होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, ब्रिटनमध्ये तिचा पाया घातला गेला तेव्हा तिचं नाव हर्क्युलिस होतं. युद्ध संपलं आणि काम अर्धवट राहिलं. १९५७ मध्ये भारताने ती अपुरी नौका विकत घेतली आणि बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत पूर्ण करून घेतली. टायटॅनिक बांधली गेली ती हीच गोदी. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षीच्या ३ नोव्हेंबरला मुंबईला आली. स्वागताला पंडित नेहरू जातीने हजर होते. स्वातंत्र्य मिळून चौदा वर्षं झालेल्या देशाकडे विमानवाहू नौका असणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. आशियातल्या इतर नवस्वतंत्र देशांकडे तसं काही नव्हतं.

तिची खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. पाकिस्तानशी युद्ध तोंडावर आलं होतं आणि विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले होते. विमानवाहू नौकेच्या बाबतीत हे दुखणं साधं नसतं. विमान डेकवरून उडवायचं तर नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून जोरात पळावी लागते. नौकेचा वेग आणि समोरचा वारा मिळून विमानाला उचल देतात आणि उरलेला झटका वाफेवर चालणारा कॅटापुल्ट देतो. वेगच कमी पडला आणि वाराही मंदावला, तर पूर्ण भरलेलं विमान उडवणं जिवावरचं काम होतं. अशा अवस्थेत तिला गोदीत ठेवा, असं म्हणणारेही होते. नौदलाने मात्र तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं. ४ डिसेंबरला तिच्या डेकवरून सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. पुढचे काही दिवस सी हॉक आणि अलिझे विमानांनी पूर्वेकडची बंदरं आणि जहाजं सोडली नाहीत. पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला समुद्रावाटे ना रसद आली, ना निसटायला वाट उरली.

तिला बुडवायला पाकिस्तानने गाझी ही पाणबुडी धाडली होती. तेव्हा विक्रांत अंदमानच्या बाजूला दडून होती. आपण विक्रांतच आहोत असं भासवणारे बिनतारी संदेश आयएनएस राजपूत ही जुनी विनाशिका विशाखापट्टणमकडून पाठवत होती. गाझी त्या मागावर विशाखापट्टणमपर्यंत आली आणि तिथेच बुडाली. विक्रांतचे कप्तान स्वराज प्रकाश आणि सी हॉकच्या तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं. परभणी, हिंगोली, नांदेडची पोरं आजही सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. त्यांनी ही कथा जिथे घडली त्या डेकवर उभं राहून ऐकायला हवी होती.

काही वर्षं तशी सोय होतीही. ३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईत तिच्यावर संग्रहालय सुरू झालं. ज्या हँगरमध्ये एकेकाळी विमानं दुरुस्त व्हायची, तिथे सी हॉक, अलिझे, शस्त्रं आणि नौकांच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. नौदल सप्ताहात आईबापांचं बोट धरून मुलं यायची. खालच्या मजल्यावरून विमान डेकवर नेणारी लिफ्ट, टोकाशी वर वळलेला रॅम्प आणि समोर खुला समुद्र. जे जाऊन आले ते आजही याबद्दल भरभरून बोलतात. आमच्या भागातले बहुतेक जण मात्र 'पुढच्या वेळी बघू' म्हणत राहिले.

ती पुढची वेळ आली नाही. गोदीतलं मीठपाणी पोलाद खात होतं, डागडुजीचा खर्च दरवर्षी वाढत होता आणि कायमस्वरूपी संग्रहालयाची घोषणा एका सरकारकडून दुसऱ्याकडे जात होती. जागा कुठली, पैसा कोणाचा, चालवणार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरं पंधरा वर्षांत मिळाली नाहीत. गर्दीच्या गोदीत एवढी मोठी नौका जागा अडवून बसली आहे, ही नौदलाची अडचणही खोटी नव्हती. २०१२ मध्ये ती लोकांसाठी असुरक्षित ठरवून बंद केली गेली. पुढे लिलाव झाला आणि सुमारे ६० कोटी रुपयांना ती विकली गेली. ती वाचावी म्हणून नागरिक उच्च न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयातही गेले, पण उपयोग झाला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये दारूखान्यात तिच्यावर गॅसकटर चालू लागले. काही पोलाद बजाजने घेतलं आणि २०१६ मध्ये त्यातून 'व्ही' ही मोटारसायकल आणली. परभणीच्या रस्त्यांवरही ती दिसायची. टाकीवर हात ठेवून 'हे विक्रांतचं लोखंड' असं सांगणारे मालक होते आणि त्यांचा अभिमान खरा होता.

आता याच काळात निवृत्त झालेल्या दुसऱ्या एका बोटीकडे बघू. ब्रिटनच्या राजघराण्याची ब्रिटानिया ही नौका ११ डिसेंबर १९९७ रोजी, म्हणजे विक्रांतनंतर साधारण दहा महिन्यांनी, सेवेतून काढली गेली. त्या समारंभात राणी एलिझाबेथचे डोळे भरून आले होते आणि साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. ही बोट स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकच्या जॉन ब्राऊन कारखान्यात बांधली गेली. एप्रिल १९५३ मध्ये राणीने स्वतः तिचं जलावतरण केलं. चव्वेचाळीस वर्षांत ती १० लाख ८७ हजारांहून अधिक सागरी मैल फिरली. राणीचे परदेश दौरे तिच्यावरून झाले, राजपुत्रांचे मधुचंद्र झाले. १९८६ मध्ये एडनमध्ये यादवी पेटली, तेव्हा निरनिराळ्या देशांच्या हजारावर माणसांना तिने सुखरूप बाहेर काढलं. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनच्या स्वाधीन करून शेवटचा गव्हर्नर निघाला, तोही तिच्यावरूनच.

तिलाही सांभाळणं महागच होतं आणि नव्या सरकारला तिच्यावर पैसा घालायचा नव्हता. पण निवृत्तीनंतर अवघ्या चार महिन्यांत एडिंबरोचं बंदर लीथ हे तिचं घर ठरलं आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये लोक आत शिरले. ती चालवण्यासाठी एक धर्मादाय न्यास नेमला गेला. तिकिटातून येणारा पैसा तिच्याच देखभालीवर जातो. २०१२ मध्ये तिला कोरड्या गोदीत नेऊन बुडाचा गंज काढला गेला. एडिंबरोत नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी मंडळींकडे भारतातून आईवडील गेले की किल्ल्यापाठोपाठ ही बोट दाखवली जाते. आता तर शहरातून ट्राम थेट ओशन टर्मिनलच्या दाराशी सोडते. त्या मॉलमधूनच बोटीवर जायचा रस्ता आहे.

वरून खाली उतरत जाण्याची तिथली रचना मला फार शहाणपणाची वाटते. आधी नौका चालवण्याची खोली, मग राणीचा मजला, मग अधिकारी, मग खलाशी आणि शेवटी इंजिन. राजवाडा बघायला आलेला माणूस शेवटी कामगारांच्या दुनियेत जाऊन पोहोचतो. बोटीवरची सगळी घड्याळं ३ वाजून १ मिनिटावर थांबवलेली आहेत. राणी शेवटची उतरून गेली ती वेळ. तिची शयनखोली बघून लोक चकित होतात, कारण आत एका माणसाचा साधा पलंग आहे. सजावट करणाऱ्या ह्यू कॅसनने झगमगाटाला फाटा दिला होता. राणीच्या खोल्यांजवळ काम करणारे खलाशी रबरी तळव्याचे बूट घालत. हुकूम ओरडून न देता हातवाऱ्यांनी दिले जात. डेक धुण्या-घासण्याची कामं सकाळी आठच्या आत उरकावी लागत. मोठ्या डोलकाठीचा वरचा तुकडा बिजागरीवर बसवला होता, पुलाखालून जाताना तो आडवा करता यायचा. बोटीवर रोल्स रॉइस गाडी ठेवायला गॅरेज होतं. तळाच्या इंजिनखोलीत पितळ आणि पांढरा रंग असा लखलखतो की अमेरिकेचे जनरल श्वार्झकॉफ बघायला आले, तेव्हा त्यांना ते प्रदर्शनच वाटलं आणि खरी इंजिनखोली कुठे आहे, असं त्यांनी विचारलं म्हणे. इंजिन पाहून झाल्यावर पुन्हा वर यायचं आणि जिथे राजघराणं उन्हात बसे, त्याच डेकवर आज कुणीही चहा मागवावा.

ब्रिटानिया विक्रांतपेक्षा लहान, १२५ मीटरची. ती कुठल्या युद्धात लढली नाही. एका घराण्याच्या प्रवासाची ती बोट होती. आपली विक्रांत तर एका देशाच्या जन्माला हातभार लावून आली होती. तरीही ती बोट राहिली आणि आपली गेली, हे मला अजून सोसत नाही. याला श्रीमंत देश-गरीब देश असं उत्तर देऊन मोकळं होता येणार नाही. आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर तिचं संग्रहालय उघडलंसुद्धा. पाण्यातून ओढून वाळूत पक्क्या पायावर बसवली, चालवणारी संस्था ठरवली, तिकीट लावलं. आजही पोरंटोरं त्या अरुंद पोटातून वाकून चालत जातात. आंध्राला ते वर्ष-दीड वर्षात जमलं, म्हणजे आपल्यालाही जमलं असतं.

विक्रांतनंतर विराट या विमानवाहू नौकेच्या वेळी चूक सुधारता आली असती. मार्च २०१७ मध्ये ती निवृत्त झाली, २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि २०२० मध्ये ती अलंगच्या भंगार किनाऱ्याला लागली. मंजुरीचा कागद आणि पाण्यातली नौका यांच्यात किती अंतर असतं, हे दोनदा दिसून झालं. आता गुलदार ही निवृत्त नौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात दिली आहे. तिला निवतीच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. ती वेळेत आणि नीट पुरी व्हावी, कारण तिसऱ्यांदा हळहळायची माझी तयारी नाही. नौका निवृत्त व्हायच्या आधी तिचा धक्का, तिची संस्था आणि तिचा वर्षाचा खर्च लिहून ठरलेला असावा. पुढच्या प्रत्येक नौकेच्या वेळी आमदार-खासदारांना आपण हाच प्रश्न विचारायला हवा, परभणीच्याही.

आज काय बघता येईल? देवगिरी मुंबईत शिरण्याआधी कल्याणला थांबते. तिथे दुर्गाडी किल्ल्याजवळ, खाडीकाठी, टी-८० ही नौदलाची निवृत्त वेगवान नौका स्मारक म्हणून ठेवली आहे. शिवाजी महाराजांनी आपल्या आरमाराची पहिली जहाजं याच कल्याणच्या खाडीत बांधायला घेतली, त्यामुळे जागेची निवड अगदी योग्य झाली. नौका छोटी आहे, पण खरी आहे. गोव्याला गेलात तर दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळो इथल्या नौदल हवाई संग्रहालयासाठी अर्धा दिवस काढा. विक्रांतच्या डेकवरून उडणाऱ्या जातीची सी हॉक आणि अलिझे विमानं तिथे उघड्यावर उभी आहेत. दाटीच्या हँगरमध्ये मावावीत म्हणून त्यांचे पंख दुमडता येत, ती बिजागरी जवळून बघता येते. मुलं बरोबर असली तर ती आधी दाखवा आणि मग लायन गेटसमोरच्या चौकात त्यांना घेऊन जा.