चाकांवरचे घर : मोटरहोम बरे की कॅरव्हॅन?

सुट्ट्या लागल्या की वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथून गाड्या भरभरून कुटुंबे बाहेर पडतात. कोणी गिरडला, कोणी नागपूरच्या ताजबागेत, कोणी खुलताबादला, तर कोणी थेट अजमेरला. ट्रॅव्हलर किंवा क्रुझर ठरवायची, डबे बांधायचे, सतरंज्या टाकायच्या आणि निघायचे. या प्रवासात सर्वांत जास्त हाल होतात ते घरातील स्त्रियांचे. रस्त्यात स्वच्छ व आडोशाची जागा मिळेल की नाही याची खात्री नसल्याने आपल्या आया-बहिणी आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी पितात. वर्ध्याच्या उन्हाळ्यात, जेथे पारा ४५ च्या वर जातो, तेथे हे किती धोक्याचे आहे ते डॉक्टरांना विचारावे.

म्हणूनच "चाकांवरचे घर" ही कल्पना आमच्या वाचकांना आवडू लागली आहे. हिंगणघाटच्या एका वाचकाने विचारले आहे की, तिघा भावांनी मिळून मोटरहोम घ्यावे की गाडीमागे ओढायची कॅरव्हॅन? गॅरेजच्या धंद्यातील काही तरुणांचाही प्रश्न आहे की, अशी गाडी बनवून भाड्याने दिली तर परवडेल काय? दोन्ही प्रश्नांचा विचार आम्ही येथे एकत्रच करीत आहोत, कारण दोहोंचे मूळ एकच आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. कॅरव्हॅन हा शब्द इंग्रजीतून आला असला तरी त्याचे मूळ फारसी "कारवाँ" हेच आहे. मोटरहोम म्हणजे इंजिन, ड्रायव्हरची जागा, झोपण्याची जागा, ओटा व संडास सर्व एकाच गाडीत. कॅरव्हॅन म्हणजे इंजिन नसलेली खोली. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात तशी ती मोटारीमागे जोडायची. आपल्याकडे सरकारी कागदांत व बोलण्यात दोहोंनाही कॅरव्हॅनच म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले, त्यात एक एक्सलची, दोन एक्सलची, तंबूची, घडीची असे प्रकार दिले आहेत. तेव्हा विकणारा "कॅरव्हॅन आहे" म्हणाला तर इंजिन आहे की नाही, हे आधी विचारावे!

आता मुख्य मुद्दा. लोक किंमत, एसी, टीव्ही पाहून निवड करतात. आमच्या मते पहिला प्रश्न एकच आहे : एका जागी किती रात्री मुक्काम करणार?

युरोपातील कुटुंब कॅरव्हॅन घेऊन निघते ते बहुधा एका ठिकाणी जाऊन आठ-पंधरा दिवस राहण्यासाठी. तेथे कॅरव्हॅन सोडून द्यायची आणि मोकळी मोटार घेऊन आजूबाजूला फिरायचे, हा तिचा खरा फायदा. आपली सफर तशी नसते. आज गिरड, उद्या ताजबाग, परवा पुढे. अजमेर तर येथून सुमारे हजार किलोमीटर. रोज मुक्काम बदलायचा असेल तर रोज कॅरव्हॅन जोडा, सोडा, समतल करा, पाय लावा, पुन्हा जोडा. शिवाय दर्ग्याजवळच्या गल्लीत ती उलटी घ्यायची वेळ आली म्हणजे अनुभवी ड्रायव्हरलाही घाम फुटतो. ट्रॉली रिव्हर्स घेणारा आपला शेतकरी मात्र हे काम हसत करील, कारण स्टेअरिंग उलट्या बाजूला फिरवायचे त्याच्या हातात बसलेले असते.

दुसरी गोष्ट, चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणसे बसवायची नसतात. ती रिकामीच ओढायची. दहा माणसांचे कुटुंब असेल तर ओढणाऱ्या गाडीत पाच-सात बसतील, बाकीच्यांचे काय? वाटेत एखाद्या वृद्धेला पाठ टेकायची असेल किंवा मुलाला ताप आला असेल तर मागची खोली असून नसल्यासारखी. मोटरहोममध्येही चालत्या गाडीत पट्टा लावलेल्या सीटवरच बसावे, पलंगावर झोपू नये. पण गाडी बाजूला घेतली की दोन पावलांवर संडास आहे, पाणी आहे, पडदा आहे. ज्या कारणासाठी आपण हा विचार सुरू केला, ते कारण मोटरहोमनेच पुरे होते.

वजनाचा हिशेब कॅरव्हॅन घेणाऱ्याने नीट समजून घ्यावा. ब्रिटनमध्ये नवशिक्याला सल्ला दिला जातो की, भरलेल्या कॅरव्हॅनचे वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. म्हणजे १,६०० किलोच्या गाडीमागे फार तर १,३६० किलो. हुकावर पडणारा भार एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. सामान मागच्या बाजूला भरले की हा भार कमी होतो आणि वेगात कॅरव्हॅन शेपटासारखी झोलू लागते. मग ती मोटारीलाही घेऊन जाते. समृद्धी महामार्गावर हा धोका विशेष आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला आहे. आपल्या जिल्ह्यात येळाकेळी व विरूळ येथून त्यावर चढता येते. सरळ, मोकळा सिमेंटचा रस्ता पाहून पाय आपोआप दाबला जातो. ब्रिटनमध्ये मोटारवेवरही कॅरव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला ताशी ६० मैलांची, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरची मर्यादा आहे. आमचे तर म्हणणे आहे की आपल्या उन्हात, तापलेल्या टायरांवर ८० च्या पुढे जाऊच नये. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटासारख्या उतारावर तर खालच्या गिअरमध्येच उतरावे. मोटारीच्या पुस्तकात ओढण्याची मर्यादा दिलेली नसेल तर त्या मोटारीला हुक लावण्याचा विचार सोडून द्यावा.

पाणी व वीज यांचे गणित दोन्ही प्रकारांत सारखेच आहे आणि विकणारे नेमके याच ठिकाणी गोड बोलतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. १०० लिटरची टाकी भरली की एक जाडजूड माणूस गाडीत वाढला. पाच माणसे पाच वेळा वुजू करतील आणि नळ सोडून प्रत्येक वेळी दोन लिटर सांडतील तर दिवसाला ५० लिटर केवळ वुजूला गेले. लोट्याने केले तर निम्म्यात भागते. हुजूर (स.) एका मुद्दइतक्या पाण्यात, म्हणजे लिटरपेक्षाही कमी पाण्यात वुजू करीत, हे हदीसमध्ये आलेले आहेच. प्रवासात ही सुन्नत टाकीच्या दृष्टीनेही उपयोगी पडते.

विजेचे असे : १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. साधी लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाती ९०० वॅट-तास. एक टनाचा एसी तासाला हजार-बाराशे वॅट खातो. म्हणजे इंजिन बंद करून एसी लावला तर पाऊण तासात खेळ खलास! वर्ध्याच्या मे महिन्यात रात्रभर एसी हवा असेल तर बाहेरून वीज जोडण्याची सोय किंवा जनरेटर पाहिजे. उलट १२ व्होल्टचा ३० वॅटचा पंखा त्याच बॅटरीवर तीस तास चालतो. छताला चांगली झडप, जाळीच्या खिडक्या आणि दोन पंखे असलेली गाडी आम्ही नुसत्या एसीवाल्या गाडीपेक्षा वरची समजतो.

संडास सुटकेसच्या आकाराच्या डब्याचा, म्हणजे कॅसेटचा, घ्यावा. तो काढून कोणत्याही साध्या शौचालयात रिकामा करता येतो. गाडीखाली पक्की टाकी असेल तर ती उपसण्याची जागा शोधत फिरावे लागते, आणि ओढ्या-नाल्यात सोडणे हे पाप तर आहेच, गुन्हाही आहे. उंचीही उभे राहून पाहावी. घरातील सर्वांत उंच माणूस आत सरळ उभा राहू शकला पाहिजे, नाहीतर पावसात नमाज आत अदा करता येणार नाही. कॅरव्हॅनची छते याबाबतीत बहुधा बरी असतात. ट्रॅव्हलरवर बनवलेल्या गाडीत खाली टाकी व वर कपाट आले की माणसाची मान वाकते.

आता कायद्याकडे वळू. आमच्या गॅरेजवाल्या तरुणांनी हा भाग दोनदा वाचावा. जुनी ट्रॅव्हलर घ्यायची, सीट काढायच्या, पलंग-ओटा ठोकायचा आणि "मोटरहोम" म्हणून फिरवायची, असा विचार अनेकांच्या मनात असतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आहे. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळे मानक आहे. त्यात बसणारी व तशी पासिंग झालेली गाडीच घ्यावी. कागदावर १३ सीटची प्रवासी गाडी आणि आत स्वयंपाकघर असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल याचा विचार करावा. कॅरव्हॅनही कायद्याने वाहनच आहे. तिची स्वतंत्र नोंदणी, स्वतःचा नंबर व विमा लागतो. ती मोटारीचे सामान नव्हे. भाड्याने द्यायची असेल तर खाजगी पांढऱ्या पाटीवर चालणार नाही. परमिट, फिटनेस सर्व धंद्याचे कागद हवेत. लायसन्सबाबत मात्र दिलासा आहे. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला इसम ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे व्यावसायिक हलके वाहनही चालवू शकतो.

आगीबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खाजगी बस उलटून पेटली व २५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत आपल्या वर्धा जिल्ह्यातील प्रवासीही होते. बस दाराच्या बाजूवर पडल्याने दार बंद झाले होते. त्याच वर्षी २६ ऑगस्टला तामिळनाडूतील मदुराई येथे लखनौहून आलेल्या यात्रेकरूंच्या उभ्या रेल्वे डब्यात सोबत आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि ९ जण गेले. दोन्ही घटना मोटरहोमच्या खरेदीदाराने डोळ्यांपुढे ठेवाव्यात. गाडीला मुख्य दाराच्या विरुद्ध बाजूला किंवा मागे दुसरी वाट हवी, आणि ती आतून लहान मुलाला उघडता आली पाहिजे. घरचा सिलिंडर प्रवासी गाडीत घालून नेऊ नये. गाडीत गॅस असलाच तर त्यासाठी बाहेर हवा खेळणारा बंद कप्पा पाहिजे आणि चालत्या गाडीत कॉक बंद पाहिजे. आमचे मत विचाराल तर मुक्कामी वीज जोडून इंडक्शनवर शिजवावे, वाटेत घरचे डबे खावेत.

पैशाचे पाहू. समजा, मोटरहोम २० लाखांना पडले व दहा वर्षांनी ६ लाखांना विकले. म्हणजे वर्षाला १ लाख ४० हजार झिजले. विमा, टॅक्स, टायर, बॅटरी मिळून ६० हजार धरा. झाले २ लाख. कुटुंब वर्षातून १५ दिवस फिरले तर दिवसाला १३ हजारांवर खर्च, डिझेल वेगळे. उरलेले ३५० दिवस गाडी अंगणात ऊन खात उभी. एवढ्यासाठी व्याजाचे कर्ज काढणे आम्हाला कोणत्याही अंगाने पटत नाही. हिंगणघाटच्या वाचकाला आमचे सांगणे आहे की घेऊ नये, वर्षातून एकदा भाड्याने आणावे. तिघा भावांचे पैसे आधीच साठलेले असतील आणि गाडी धंद्यालाही लावायची असेल तर गोष्ट वेगळी. तेथे भागीदारीचा करार लिहून घ्यावा. एकाचे भांडवल व दुसऱ्याची मेहनत अशी मुदारबत असेल तर नफ्याचे प्रमाण आधी ठरवावे. तोटा भांडवलवाल्याचा असतो हेही त्यात स्पष्ट असावे. भाड्याच्या गाडीच्या किमतीवर जकात नाही, भाड्यातून साठलेल्या रकमेवर आहे. बारकावे आलिमांना विचारावेत.

आणि धंद्यासाठी? येथे आमचे उत्तर उलटे आहे. कमी भांडवलाच्या माणसाने मोटरहोमच्या मागे न लागता कॅरव्हॅनचा विचार करावा. बोर अभयारण्याला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सेवाग्राम व पवनार येथे बारा महिने लोक येतात. गिरडला जायरीनची ये-जा असते. अशा ठिकाणी कोणाची बिनझाडीची जागा, बोअर, वीज व शौचालय असेल तर दोन कॅरव्हॅन उभ्या करून खोलीसारख्या भाड्याने देता येतात. इंजिन नाही, ड्रायव्हर नाही, डिझेल नाही. हंगाम संपला की दुसरीकडे ओढून नेता येतात. राज्याच्या धोरणात कॅरव्हॅन पार्कसाठी सवलतींची तरतूद आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केल्यानंतरच त्यांचा दावा करता येतो. अभयारण्याजवळ वनखात्याची परवानगी आधी, पत्रा नंतर.

आमच्या डेंटर, वेल्डर, वायरमन, कुशनवाल्या भावांना काम दोन्हीकडे आहे. गादी, पडदे, कपाटे, १२ व्होल्टचे वायरिंग, पाण्याच्या मोटारी, गळणारी छते हे सर्व पासिंगला हात न लावता करता येते आणि सर्वांत जास्त तक्रारीही याच गोष्टींच्या येतात. चेसिस व बॉडीला मात्र हात लावू नये.

भाड्याने गाडी घेणाऱ्याने ताब्यात घेताना टाकी भरून नळ सुरू करावेत, संडासाचा कॅसेट काढून पाहावा, दुसरी वाट आपल्या मुलाकडून उघडवून घ्यावी आणि इंजिन बंद ठेवून एक तास पंखे चालवावेत. पहिली रात्र दूर न जाता गिरडलाच काढावी. काही बिघडलेच तर तासा-दीड तासात घर गाठता येते.