समुद्राच्या शेजारी गोडी विहीर!

वसईगावातल्या होळी भागात उभं राहिलं, की पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला वसईची खाडी. दोन्हीकडे खारं पाणी! तरी या पट्ट्यातल्या विहिरी गोड. केळी नि पानवेलींच्या वाड्या त्यांवरच पोसल्या. असं कसं बुवा?

गंमत जमिनीखाली आहे. मुरलेलं पावसाचं पाणी तिथल्या खाऱ्या पाण्यावर चक्क तरंगतं! १ लिटर गोडं पाणी भरतं साधारण १००० ग्रॅम, समुद्राचं १०२५. फरक एवढासा, पण किमया मोठी: समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल, तर ते खाऱ्याला खाली सुमारे ४० मीटरपर्यंत दाबून धरतं.

आता उलटा हिशेब. पंपाने उपसून वरची पातळी १ मीटर उतरवली, तर खाली खाऱ्याला किती चढायला वाव मिळतो? ४० मीटर! म्हणूनच टँकर भरभरून विहिरींचं पाणी नेलं जाऊ लागलं, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसोबत वसईकर रस्त्यावर उतरले.

थोडंसं खारट झालं तर काय बिघडतं? समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. विहिरीच्या दर ५० लिटरांत १ लिटर समुद्र शिरला, तर दोन लिटर पिणाऱ्या माणसाच्या पोटात १.४ ग्रॅम क्षार जातात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्यांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे जेवायला बसण्याआधीच पाव वाटा संपला! जास्तीच्या मिठामुळे शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तदाब वाढतो.

मग उकळून प्यायचं? सांडपाण्यातून येणारे जुलाब, कावीळ, विषमज्वराचे जंतू उकळल्यावर मरतात. मीठ मात्र भांड्यातच राहतं. वाफ उडून जाते नि उरलेलं पाणी आणखी खारट!

यावर वसईच्या जुन्या शेतकऱ्यांचा उपाय होता बावखल, म्हणजे वाडीत खणलेलं तळं. पावसाळ्यात ते भरतं, पाणी मुरतं, गोडा थर जाड होतो. बावखल बुजवलं, की हे मुरणं थांबतं. त्यात कचरा टाकला, की घाणही मुरते.

करून बघा: अर्धा ग्लास मिठाच्या पाण्यात बिटाचा रस घाला. त्यावर चमच्याच्या पाठीवरून साधं पाणी हळूच सोडा. लाल खाली, स्वच्छ वर! आता ढवळा. आणि पुन्हा वेगळं करून दाखवा बरं!