एका खोलीच्या घरात मन सांभाळताना

१४ एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून राज्यात पुन्हा निर्बंध लागले आणि ते वाढत वाढत १ जूनपर्यंत गेले. सलग दुसऱ्या वर्षी बाबासाहेबांची जयंती आपण घरात साजरी केली. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा चिंता पोटाची होती, सुरतेहून पायी निघालेल्या माणसांची होती. २०२१ मध्ये मरण गल्लीत आले. नंदुरबारच्या रेल्वे स्थानकावर रुग्णांसाठी डबे उभे करावे लागले, यावरूनच समजा.

अशा दिवसांत झोप उडते, छाती धडधडते, मुलांवर उगाच हात उठतो. बाया सांगतात, "ताई, अंगात त्राणच नाही, डोकं गच्च झालंय." रक्त तपासले तर सगळे ठीक निघते. हे नाटक नव्हे. धोका दिसला की शरीर तयारीला लागते. नाडी वाढते, श्वास भरभर होतो, पोटात गोळा येतो. धोका टळला की ते आपोआप उतरते. पण धोका महिनोन् महिने दारात उभा असेल तर शरीर उतरायचे विसरते, आणि मनाचे दुखणे डोके, पोट, पाठ यांतून बोलू लागते.

दम लागला की मात्र "टेन्शनमुळे असेल" म्हणून बसू नका. आधी आशाताईंकडच्या ऑक्सिमीटरवर बोट ठेवा. आकडा ९४ च्या खाली असेल तर तडक दवाखाना गाठा. आकडा चांगला असेल, धडधड एकदम येऊन अर्ध्या तासात ओसरत असेल, तर बहुधा घाबरण्याचा झटका आहे. बसा, श्वास सावकाश घ्या आणि घेतला त्याहून सावकाश सोडा. छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

टीव्हीवरचे डॉक्टर सांगतात, वेगळ्या खोलीत राहा, छंद जोपासा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे आणि एक मोबाईल असेल तर छंद कुठे जोपासायचा? आपल्याला जमेल ते सांगते. घरातल्या प्रत्येकाला दिवसातून अर्धा तास एकट्याचा द्या, ओट्यावर किंवा पत्र्याच्या सावलीत, कोणी हाक मारायची नाही. घरातल्या बाईलाही द्या. बहुतेक घरांत तिलाच मिळत नाही. उठायची आणि झोपायची वेळ ठरलेली ठेवा, काम नसले तरी. बातम्या दिवसातून एकदाच बघा, आणि व्हॉट्सॲपवर आलेले प्रेतांचे व्हिडिओ पुढे पाठवू नका.

रेशन संपले असेल तर दीर्घ श्वासाने पोट भरत नाही, हेही खरे. मे आणि जून २०२१ साठी रेशनकार्डावर माणशी पाच किलो धान्य मोफत जाहीर झाले होते, ते नेहमीच्या धान्याव्यतिरिक्त होते. आपल्या वाट्याचे रेशन मागून घ्या. मिरचीच्या पथारीवरचे, बांधकामावरचे काम थांबले, बचत गटाचे हप्ते थकले, तर कोणाचे किती देणे आहे ते कागदावर लिहा आणि नवराबायकोने मिळून वाचा. लपवलेले कर्ज रात्री जास्त मोठे दिसते.

आता दारूबद्दल, कारण यात जीव जातो. रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली तर दिवसभरात हात थरथरतात, घाम सुटतो, ओकाऱ्या होतात. दोनेक दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी काहींना भिंतीवर किडे दिसतात, आवाज ऐकू येतात, घरचे माणूस ओळखू येत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले, आणि भगत बोलावतात. हे शरीराचे दुखणे आहे, त्यावर दवाखान्यात औषध आहे, आणि उशीर झाला तर माणूस दगावतो. दारू सुटावी ही आपली सर्वांची इच्छा आहेच, पण जुन्या पिणाऱ्याची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत एप्रिल २०२१ मध्ये दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन माणसे गेली.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. बरे होऊन घरी आलेल्याच्या दाराला लोक वळसा घालतात, नळावर त्याची कळशी मागे सरकवतात. हे आपल्या वस्तीत व्हावे? जागतिक आरोग्य संघटनेनेही 'सामाजिक अंतर' हा शब्द टाळून 'शारीरिक अंतर' म्हणायला सांगितले आहे. हा फरक आपल्यापेक्षा कोणाला जास्त कळावा? १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी वस्तीतले मूल पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि त्याच साथीत त्या गेल्या. तुम्हाला एवढे कोणी सांगत नाही. मास्क लावून डबा दाराशी ठेवा आणि सहा फुटांवरून नावाने हाक मारा. विलगीकरणात असलेल्याला रोज एक फोन करा.

ज्यांच्या घरचे माणूस गेले आणि तोंडही पाहता आले नाही, त्यांचे दुःख अडकून राहते. पुण्यानुमोदन घरच्या चौघांत करा, बाकीच्यांनी फोनवर सामील व्हा. मुलांना "बाबा गावाला गेले" सांगू नका. गेले म्हणजे गेले, हे सोप्या शब्दांत सांगा आणि जवळ घ्या.

कोणी "आता जगून काय करू" म्हणू लागले, जेवण सोडले, आपल्या वस्तू वाटू लागले, तर सरळ विचारा: "जीव द्यायचे मनात येते का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे ठेवू नका. फवारणीचे औषध घरात ठेवू नका. कोणी काही करून घेतले तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र तणावात होता असेच धरले जाते, त्याला शिक्षा होत नाही. पहिला तास मोलाचा असतो.

२०२१ मध्ये 'किरण' हेल्पलाइन १८००-५९९-००१९ चोवीस तास मोफत होती, मराठीतही बोलता येत असे. बेंगळुरूच्या निमहान्सचा नंबर तेव्हा ०८०-४६११०००७ होता. मुलांना त्रास असेल तर १०९८. हा नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. धडगावकडे रेंज नसते, तिथल्यांनी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावे. जिल्हा रुग्णालयात नेताना आधीच्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.