हायस्कुलाच्या वर्गात मोबाईल : किती आणि कसा



नववी-दहावीच्या मुलांनी आपला मोबाईल शाळेत आणावा की आणू नये, हा प्रश्न आता गावोगावच्या पालकसभांत निघू लागला आहे. एक पक्ष म्हणतो, फाटकाशीच काढून घ्या. दुसरा म्हणतो, अहो, जग कुठल्या कुठे चालले आहे, आणि आपण पोरांच्या हातातले साधन हिसकावून घेणार? दोन्ही बाजूंची मंडळी मुलांच्या हिताचेच बोलत असतात. पण सभा संपते ती 'आणू द्या' किंवा 'आणू नका' एवढ्यावर. आणलेल्या फोनचे तासाला करायचे काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. मला आज तेवढ्याच गोष्टीविषयी बोलायचे आहे.

आधी 'नको' म्हणणाऱ्यांचे ऐकू. त्यांची भीती खोटी नाही. ग्रामीण भागात होणाऱ्या 'असर' या पाहणीत २०२४ साली असे दिसले की, १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी शेकडा ८२ जणांना स्मार्टफोन वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी शेकडा ५७ जणांनी मागच्या आठवड्यात तो काही ना काही अभ्यासासाठी हाती घेतला होता, तर शेकडा ७६ जणांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे घरी कोणती सवय जास्त लागली आहे, ते उघडच आहे. युनेस्कोने २०२३ साली शिक्षणातील तंत्रज्ञानावर मोठा अहवाल काढला. एकदा लक्ष उडाले की ते पुन्हा अभ्यासावर यायला वीस-वीस मिनिटे लागू शकतात, असे त्यात नमूद आहे. आपला तास केवढा? पस्तीस-चाळीस मिनिटांचा. एक टिंग वाजली की अर्धा तास गेलाच म्हणा. याच अहवालाप्रमाणे त्या वेळी जगातील सुमारे एक-चतुर्थांश देशांनी शाळेत फोनला कायद्याने वा धोरणाने मनाई केलेली होती. फ्रान्सने २०१८ साली तसा कायदा केला. परंतु त्याच कायद्यात एक दार उघडे ठेवले आहे, ते ध्यानात घेण्याजोगे आहे : शिकवण्यासाठी म्हणून, शाळेच्या नियमांत बसेल तेथे, फोन वापरता येतो; आणि अपंग विद्यार्थ्यांना त्यांच्या गरजेप्रमाणे वापरता येतो. मनाई आहे ती मोकाट वापराला.

दुसरी अडचण मला याहून मोठी वाटते, आणि पालकसभेत ती फारशी निघत नाही. 'आपापला फोन आणा' असे गुरुजींनी सांगितले की ज्याच्याकडे फोन आहे तो शिकणार, नाही तो बघत बसणार. आणि नाही कोणाकडे? 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वर्षांच्या ज्या मुलामुलींना फोन वापरता येत होता, त्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे शेकडा ४४ च्या घरात होते, आणि मुली शेकडा २० सुद्धा भरत नव्हत्या. घरात फोन एकच असेल तर तो वडिलांबरोबर शेतावर जातो, संध्याकाळी थोरल्या भावाच्या हाती येतो. मुलीची पाळी येते तेव्हा चार्जिंग संपलेले असते. २०२० साली मार्चपासून शाळा बंद पडल्या आणि शिकवणे फोनवर गेले, त्या काळात खेड्यातील शिक्षकांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा ज्या योजनेत मुलीला, किंवा ऊसतोडणीच्या फडावरून परत आलेल्या मुलाला, बाकाच्या कडेला बसून नुसते पाहावे लागते, ती योजना कितीही नवी असली तरी आपल्याला चालणार नाही.

मग करायचे काय? इथे आकाशवाणीच्याच एका जुन्या प्रयोगाची आठवण द्यायला हवी. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील १५० खेड्यांत 'रेडिओ शेतकरी मंडळे' चालवली. गावात रेडिओ एक, आणि त्याच्याभोवती वीसएक माणसे. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा, आणि ऐकलेल्या गोष्टीवर मंडळींनी आपसांत बोलायचे. हे आपल्या गावात जमेल का, खर्च किती, अडचण कोणती, हे सारे. प्रश्न उरले तर ते केंद्राला लिहून पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात उत्तर मिळे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याची तपासणी केली. ज्या गावांत मंडळ होते, तेथील लोकांच्या माहितीत चांगली भर पडली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे भर नाममात्र. जवळजवळ रेडिओच नसलेल्या गावांइतकीच.

हा निकाल मला आजच्या फोनच्या प्रश्नात फार उपयोगी वाटतो. रेडिओच्या जागी फोन ठेवा आणि गावाच्या जागी वर्ग. चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस फोन मुळी लागतच नाहीत. चौघांत एक याप्रमाणे दहा पुरेत, आणि दहा नाही मिळाले तर पाचांवरही भागते. फोन कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न मग मागे पडतो. तो गटाच्या मध्ये ठेवायचा, ठरलेले काम करायचे, पालथा घालायचा, आणि मग बोलायचे.

आता काम कोणते द्यावे? चित्रफीत दाखवणे हे सर्वांत सोपे, आणि म्हणूनच सर्वांत आधी सुचते. बालभारतीच्या पुस्तकांत ठिपक्यांचा जो चौकोन छापलेला असतो, तो फोनने टिपला की 'दीक्षा' या २०१७ पासून चालू असलेल्या सरकारी मंचावरचे साहित्य उघडते. ठीक आहे, कधीमधी जरूर दाखवा. पण चौघांनी हातभर पडद्यावर डोकी एकत्र करून पाहण्यापेक्षा फळ्यावरची आकृती पुष्कळदा बरी पडते. फोनचा खरा उपयोग बघण्यापेक्षा मोजण्यात आहे. त्या डबीत सूक्ष्म घड्याळ आहे, ध्वनी टिपणारा कान आहे, कॅमेरा आहे, आणि पुष्कळ फोनांत हालचाल मोजणारे साधनही आहे. ज्या हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत धड चालणारे विरामघड्याळ नाही, तेथे ही सगळी सामग्री मुलांच्या खिशातून फुकट येते आहे.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. नववीच्या विज्ञानात ध्वनीचा धडा आहे. ध्वनीचा वेग मुले पाठ करतात आणि विसरतात. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने 'फायफॉक्स' नावाचे एक फुकट ॲप तयार केले आहे. ते एकदा फोनवर घेतले की पुढे इंटरनेट लागत नाही. त्यात आवाजाने सुरू होणारे व आवाजानेच थांबणारे घड्याळ आहे. असे दोन फोन मैदानावर बरोबर १० मीटर अंतरावर ठेवा. पहिल्या फोनाजवळ एका मुलीने टाळी वाजवायची. तिच्या फोनचे घड्याळ तत्काळ सुरू होते. दुसऱ्याचे सुरू होते ते आवाज तेथवर पोचल्यावर, म्हणजे किंचित उशिरा. आता दुसऱ्या टोकाला उभ्या मुलाने टाळी वाजवायची. त्याचे घड्याळ लगेच थांबते. पहिले थांबते ते आवाज १० मीटर परत आल्यावर. म्हणजे बघा, पहिले घड्याळ आधी सुरू झाले आणि मागून थांबले. दोन्ही आकड्यांतला फरक हा आवाजाला १० मीटर जायला व १० मीटर यायला लागलेला वेळ. तो सुमारे ०.०५८ सेकंद भरतो. २० ला त्याने भागा : सेकंदाला साधारण ३४५ मीटर. दोन टाळ्यांच्या मध्ये किती वेळ गेला याचा हिशेब लागतच नाही, ही यातली गंमत. पोरे कितीही रेंगाळली तरी उत्तर बिघडत नाही!

पण उत्तर पहिल्या फटक्यात असे सुरेख येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कोणाचे ३१० येईल, कोणाचे ४००. खरा तास तेथून सुरू होतो. टाळी दोन फोनांच्या मध्ये उभे राहून वाजवली होती का? ती फोनच्या बाहेरच्या बाजूस, दोन्ही फोन जोडणाऱ्या सरळ रेषेत वाजवायला हवी. शेजारून ट्रॅक्टर गेला म्हणून घड्याळ मधेच थांबले का? मग आवाजाची पातळी वाढवून पाहा. अंतर नीट मोजले का? दहा वेळा करून सरासरी काढली तर काय होते? आणि कोणी हुशार पोरगी विचारील, "सर, दुपारी करून पाहिले तर?" अवश्य करून पाहावे. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदामागे सुमारे ०.६ मीटर. जानेवारीतील सकाळी १५ अंशांना आणि एप्रिलमधील दुपारी ३५ अंशांना मोजले, तर १२ मीटरचा फरक पडायला हवा. काळजीपूर्वक सरासरी काढणाऱ्या गटाला तो दिसू शकतो. पुस्तकातला आकडा मग पुस्तकातला राहत नाही.

दुसऱ्या विषयांचे थोडक्यात सांगतो. भाषेच्या तासाला मुलांनी आपले वाचन ध्वनिमुद्रित करून स्वतः ऐकावे. कुठे अडखळलो ते मास्तरांनी सांगण्यापूर्वी मुलालाच कळते. इतिहासासाठी गावातील वृद्धांना जुन्या दुष्काळाविषयी, जुन्या बाजाराविषयी विचारून ते बोलणे टिपून आणावे, अर्थात त्यांची परवानगी घेऊन. अंध विद्यार्थ्याला तर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा फोन म्हणजे डोळाच. त्याला वर्गात चौघांत एकाची अट लावू नये, त्याचा फोन त्याच्याचजवळ असू द्यावा.

शिस्तीचे म्हणाल तर नियम थोडे असावेत आणि ते पालक-शिक्षक संघात मांडून, लिहून, मुख्याध्यापकांच्या सहीने लावावेत. शाळेत आल्यावर फोन बंद करून पेटीत. ज्या तासाला काम असेल त्या तासालाच बाहेर, तोही फ्लाईट मोडवर. तास संपला की परत पेटीत. पेटीला कुलूप, आणि वहीत नोंद. फोन हरवला तर जबाबदारी कोणाची, हे त्या वहीतच आधी लिहून ठेवलेले बरे, नाहीतर पुढे तंटे होतात. मुलांचे फोटो कोणत्याही गटावर टाकायचे नाहीत, आणि नावनोंदणी मागणारी ॲपे मुलांकडून परस्पर उघडवायची नाहीत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे, आणि तिची माहिती अशा प्रकारे घेण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. शिक्षकांनी हे हलके घेऊ नये.

आणि एक विनंती. फोनवरचे काम वर्गातच पुरे करा, घरी देऊ नका. घरचा फोन कोणाच्या हाती असतो ते वर आलेच आहे. शिवाय सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टी.व्ही. आणि मोबाईल बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली, म्हणजे मुलांना अभ्यासाला निवांत वेळ मिळावा. गाव एवढे कष्ट घेत असताना शाळेनेच रात्री फोन हाती घ्यायला लावणे बरे दिसणार नाही.

गटात मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळा. फोन ज्याचा, त्याच्याच हाती तो राहतो, आणि मुलगी वहीत आकडे लिहीत बसते. असे आपोआप होते. म्हणून चार कामे ठरवा : फोन सांभाळणे, टाळी वाजवणे, अंतर मोजणे, लिहिणे. दर फेरीला कामे बदला, आणि पहिल्या फेरीला फोन ज्याच्या घरी नाही त्याच्या हाती द्या.

सुरुवात ध्वनीच्या प्रयोगानेच करावी, असे माझे मत आहे. सकाळच्या पहिल्या तासाला, वारा सुटण्यापूर्वी. एका वेळी एकाच गटाने टाळ्या वाजवाव्यात, कारण शेजारच्या गटाची टाळी आपले घड्याळ थांबवते. बाकीच्यांनी तोवर आपले भागाकार करावेत. फोन दोन पुरतात. टेप मात्र चांगली आणा. कापडी टेप ओढली की ताणते, आणि मग सारा दोष बिचाऱ्या फोनवर येतो.