सहा पाय, आठ पाय आणि पोट धरून हसणारी मुले

मृग नक्षत्र लागले, पहिल्या पावसाने जमीन भिजली की शिवारात लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात. करमाळा तालुक्यातील केम हे तर कुंकवाचे गाव. येथील एखाद्या पोराला वाटावे की कोणाच्या तरी हातून बांधावर कुंकू सांडले आणि त्याला पाय फुटले! ‘‘हा मृगाचा किडा, पाऊस घेऊन आला,’’ एवढे उत्तर घरातून मिळते आणि विषय संपतो. खरे तर विषय तेथून सुरू व्हायला हवा.

कारण या किड्याचे पाय मोजले तर ते आठ भरतात. कीटकाला पाय सहाच. म्हणजे मृगाचा किडा हा कीटकच नव्हे. तो कोळ्याच्या गोतातला. आता गंमत अशी, की अंड्यातून बाहेर पडलेल्या त्याच्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. हे पिल्लू नाकतोड्यासारख्या एखाद्या कीटकाला चिकटते, त्याच्या अंगातील रस शोषते, फुकटात प्रवासही करते आणि पुढे मातीत उतरून आठ पायांचे होते. नाकतोडा वैतागून म्हणतो आहे, ‘‘बाळा, आता उतर की!’’ आणि पिल्लू म्हणते आहे, ‘‘थांबा, अजून दोन पाय यायचे आहेत!’’ असे एक पान डोळ्यांसमोर आणा. मूल हसेल आणि हसता हसता कीटक म्हणजे काय, हे जन्मभरासाठी शिकेल.

विनोद कोठून यावा?

लहान मुलांसाठीच्या कीटकविषयक चित्रपुस्तकांचे सारे रहस्य या एका पानात आहे. विनोद माहितीवर वरून भुरभुरायचा नसतो. तो माहितीतूनच निघाला पाहिजे. किड्याला चष्मा लावला, टोपी घातली म्हणजे पुस्तक विनोदी होते, ही समजूत चुकीची आहे. टोपीच घालायची तर तिला कारण हवे. स्वीडनमधील मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेणकिड्यांच्या डोक्यावर खरोखरच पुठ्ठ्याच्या इवल्या टोप्या बसवल्या होत्या. आकाश दिसेनासे होताच किड्यांची सरळ वाट वाकडीतिकडी झाली. रात्री शेणाचा गोळा ढकलत नेणारा हा जीव चक्क आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा ओळखतो, हे त्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले आणि त्याच वर्षी त्यांना ‘इग नोबेल’ हा आधी हसवणारा, मग विचार करायला लावणारा पुरस्कारही मिळाला. पाय शेणात आणि नजर ताऱ्यांत! यापेक्षा चांगला विनोद कोणता लेखक रचू शकेल?

परदेशात अशा पुस्तकांची परंपरा चांगली रुजली आहे. अमेरिकेतील डोरीन क्रोनिन यांनी गांडूळ (२००३), कोळी (२००५) आणि माशी (२००७) यांच्या रोजनिशा लिहिल्या. कॅनडातील एलिझ ग्रॅव्हेल यांच्या मालिकेत तर माशी, ऊ यांसारखे ‘किळसवाणे’ जीवच नायक आहेत आणि ते निवेदकाला मध्येच तोडून बोलतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे मुलांना किळस वाटते म्हणून येथे काही लपवलेले नाही. माशी पायांनी चव घेते, घट्ट पदार्थावर लाळ सोडून तो पातळ करते आणि मग शोषते. हे वाचून मूल ‘शी!’ म्हणते, पुन्हा तेच पान उघडते आणि त्या दिवसापासून उघड्या खाऊवर झाकण ठेवते. आरोग्याच्या उपदेशाने जे साधत नाही, ते या ‘शी’ने साधते.

आपल्या भाषेतील गमती आणि खाचखळगे

अशी पुस्तके मराठीत आणताना नुसता अनुवाद पुरत नाही. मुंगी स्त्रीलिंगी आणि मुंगळा पुल्लिंगी. त्यामुळे मुंगळा म्हणजे मुंगीचा नवरा, असा अनेक मोठ्यांचाही समज असतो. वास्तविक मुंगळे ही मोठ्या मुंग्यांची निराळी जात आहे आणि गुळाच्या ढेपेला चिकटलेले झाडून सारे मुंगळे माद्या असतात. नरांना पंख असतात आणि त्यांचे दर्शन क्वचित, बहुधा पावसाच्या तोंडावर घडते. ‘डास चावला’ असे आपण म्हणतो. पण चावते ती मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्तातील पोषण लागते. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. ‘रातकिडा’ मात्र व्याकरणाशी प्रामाणिक आहे. पंखावर पंख घासून रात्रभर गाणारा तो नरच, आणि ते गाणे ऐकायचे कान त्याच्या पुढच्या पायांवर! व्याकरण आणि निसर्ग यांची ही जुगलबंदी मराठीतच रंगू शकते.

दुसरे उदाहरण एरिक कार्ल यांच्या १९६९ मधील जगप्रसिद्ध भुकेल्या सुरवंटाचे. त्यातील फुलपाखरू रेशमी वेष्टनातून बाहेर येते, यावर जाणकारांनी बोट ठेवले. कारण असे वेष्टन सहसा पतंगांचे सुरवंट विणतात, फुलपाखराचा कोश उघडा व कडक कवचाचा असतो. इंग्रजीत या दोहोंना वेगळे शब्द आहेत. मराठीत दोन्ही ‘कोश’च. म्हणजे अनुवादात ती चूक आपोआप झाकली जाते. पण फरक शिकण्याची संधीही तिच्याबरोबर झाकली जाते. ती संधी चित्रकाराने साधायची असते.

हसण्याच्या पलीकडे

‘किड्यांची पुस्तके वाचून काय मिळणार?’ असा प्रश्न पालक विचारतील. त्याचे उत्तर केमच्या आसपासच्या ज्वारीच्या रानात आहे. ज्वारीवर मावा पडला की पानांवर चिकटा दिसू लागतो. हा मावा खाणारा ढालकिडा, म्हणजे लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला गोल किडा, बहुतेक शेतकरी ओळखतात. परंतु त्याची अळी? ती लांबुळकी, काळपट, काटेरी, एखाद्या पिटुकल्या मगरीसारखी दिसते. ही अळी शेकड्यांनी मावा फस्त करते. पण दिसायला भयंकर म्हणून तीच चिरडली जाते किंवा तिच्यावर फवारणी होते. आपल्याच रानातील राखणदार आपण ओळखत नाही! ‘मगरीचा झाला चेंडू’ अशा थाटाचे चार चित्रांचे पान ज्या मुलाने पाहिले असेल, ते वडिलांचा हात धरून म्हणेल, ‘‘आबा, थांबा, ही आपली आहे.’’

आणखी एक दुवा आहे. १९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक अभयारण्यात करमाळा तालुक्याचाही भाग होता. माळावरचा हा डौलदार पक्षी टोळ, नाकतोडे, भुंगेरे टिपून जगणारा. आज तो येथून जवळजवळ नाहीसा झाला आहे. किड्यांना तुच्छ मानणाऱ्यांना माळढोकही समजत नाही आणि माळही.

पुस्तक निवडताना

पालकांनी व शिक्षकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. चित्रातील पाय मोजावेत; कीटकाला सहा, कोळ्याला आठ. पुस्तकातील निदान काही जीव आपल्या अंगणात भेटणारे असावेत. आणि ‘पाहा, पण हात लावू नका’ हे त्यात सांगितलेले असावे, कारण केसाळ सुरवंट आणि गांधीलमाशी विनोद जाणत नाहीत.

पुस्तके मिळत नाहीत ही सबब आता फारशी टिकत नाही. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात, इतकेच नव्हे तर स्वतः अनुवाद करून तेथे ठेवताही येतात. थोड्या मोठ्या मुलांसाठी ‘बालभारती’ने १९७१ पासून चालवलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही संगणकावर खुले झाले आहेत.

तथापि सर्वांत स्वस्त पुस्तक घरीच तयार होईल. वहीचा एक कोरा कागद चौघडी घालून कापावा. देवळाच्या ओसरीपाशी, मऊ मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंग्यांची वाट पाहणारा जो किडा बसतो, त्याचे चित्र मुलाला काढू द्यावे. तो उलटाच चालतो आणि मोठा होऊन पंख फुटेपर्यंत एकदाही शी करत नाही, एवढे सांगावे. पुढची गोष्ट मूल आपणहून लिहील. आपण फक्त पाय सहाच काढले आहेत ना, तेवढे मोजावे.