चाकांवरचं घर समुद्राकाठी

लॉस एंजेलिसहून उत्तरेला निघालेल्या मोटरहोममध्ये ओटा, पलंग, संडास सगळं असतं. त्यामुळे चार वर्षांच्या पोराला ते घरच वाटतं. आणि घरात पट्टा बांधून कोण बसतं? पण धावत्या गाडीत सुटं मूल म्हणजे जिवाशी खेळ. या एका हट्टापुढे आईबापांनी मुळीच नमू नये.

कार्पिन्टेरियाच्या सरकारी तळावर मात्र मुलं मोकळी. वाळूतून येतात ती तळपाय काळे करून! इथे जमिनीतून डांबर आपोआप झिरपतं. चुमाश लोक त्यानं होड्यांचे सांधे बुजवत. ते पाहून १७६९ मध्ये आलेल्या स्पॅनिश सैनिकांनी जागेला 'सुतारशाळा' म्हटलं. डाग खोबरेल तेलानं निघतात. टाकीतलं पाणी मोजकंच, म्हणून आंघोळी आटोपशीर. सांडपाण्याची टाकी उपसणं, का कोण जाणे, बाबांकडेच येतं.